टॉम सॉयरवर साहसपट लिहिताना: बडबड्या मुलाची गप्प राहण्याची गोष्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'वरून दीड-पावणेदोन तासांचा, लहानमोठ्यांनी मिळून बघावा असा साहसपट लिहायला घेतला आहे. पण पुस्तक सुट्या प्रसंगांचं, ते एका धाग्यात बसत नाही. १९३८, १९७३ आणि १९९५ चे चित्रपट पाहिले, तर तिघांनी तीन तऱ्हांनी कात्री चालवलेली. मग ठेवायचं काय, सोडायचं काय? कुंपणाचा प्रसंग घ्यायलाच हवा का? खलनायक इंजुन जोचं काय करायचं? आणि टॉमच्या बेघर मित्राला, हकला, किती जागा द्यायची?

मुलांसाठीच्या पटकथा लिहिणं आणि इतरांच्या पटकथा दुरुस्त करणं हेच माझं काम, आणि या कादंबरीवरची कच्ची टिपणं माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक जण धागा बाहेरून आणतात, कधी नकाशा, कधी शर्यत, कधी सूड. त्याची गरज नाही, धागा पुस्तकातच आहे. टॉम हा तोंडाच्या जोरावर सगळं मिळवणारा मुलगा, आणि नेमकी त्याच्यावरच तोंड मिटून बसण्याची वेळ येते. स्मशानातला खून, गाडलेलं सोनं, गुहा ही साहसं आपापल्या जागी थरारक आहेतच, पण त्यांना एकत्र बांधते ती टॉमची जीभ. एवढं एक धरून ठेवलंत तर कुठला प्रसंग घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे तुमचं तुम्हालाच कळत जाईल.

कादंबरी १८७६ साली आली. ती मोठ्यांची की मुलांची याबद्दल खुद्द लेखकाचंच ठरत नव्हतं. ट्वेन म्हणत होता, हे मोठ्यांनीच वाचायचं पुस्तक आहे. त्याचा संपादक-मित्र विल्यम डीन हॉवेल्स याने हस्तलिखित वाचून उलट सल्ला दिला, की हे सरळ मुलांचं पुस्तक म्हणून काढ. प्रस्तावनेत मग दोघांचंही राखलं गेलं: मुलामुलींच्या करमणुकीसाठी लिहिलं आहे, पण म्हणून मोठ्यांनी पाठ फिरवू नये, आपण त्या वयात कसे होतो ते त्यांना आठवावं. कौटुंबिक चित्रपटाचा प्रेक्षक लेखकाने आधीच आखून दिला आहे तो असा. गाव नावाने सेंट पीटर्सबर्ग, पण आहे ते मिसिसिपीकाठचं हॅनिबल, मिसूरी राज्यातलं, १८४० च्या दशकातलं. ट्वेनचं बालपण तिथेच गेलं. हक एका खऱ्या मुलावरून उतरवला आणि टॉम ओळखीच्या तीन मुलांचं मिश्रण आहे, हेही त्यानेच प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे.

आता कुंपण. घ्याच. कथानक त्याने तसूभरही पुढे सरकत नाही, तरी घ्या, कारण टॉमची जीभ काय चीज आहे हे प्रेक्षकाला तिथेच कळतं. मात्र बहुतेक पटकथांमध्ये टॉम इथे फार बोलतो, विकायला बसल्यासारखा. पुस्तकात नीट बघा. तीस यार्ड लांब, नऊ फूट उंच कुंपण, शनिवारची सकाळ, शिक्षा म्हणून मिळालेलं काम, हातात चुन्याची बादली. बेन रॉजर्स सफरचंद खात, आगबोटीची नक्कल करत येतो. बोटही तोच, कप्तानही तोच, घंटाही तोच. टॉम त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. एक हात मारतो, मागे सरून चित्रकारासारखा न्याहाळतो, पुन्हा हलकासा फटकारा. बेन डिवचतो तरी हा गप्प. आणि मग अगदी मोजकं बोलतो: कुंपणाला चुना मारायची संधी काय रोज रोज मिळते? तेवढ्यावर गडी गारद, सफरचंद देऊन चुना मारायला मागतो, आणि मागून येणारी पोरंही तेच करतात. दुपारपर्यंत कुंपणाला चुन्याचे तीन हात बसलेले असतात आणि टॉमकडे पतंग, बारा गोट्या, कुठलंच कुलूप न उघडणारी किल्ली, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू, कुत्र्याविना पट्टा आणि दोरीसकट मेलेला उंदीर जमलेला असतो. कधी बोलायचं आणि कधी बोलायचं नाही याचं अचूक भान या मुलाला आहे, एवढं या प्रसंगातून ठसलं पाहिजे. गप्प राहणं हे इथे त्याचं हत्यार आहे. पुढे तेच त्याच्या छातीवर येऊन बसतं.

ते कसं, ते पाहू. चामखीळ घालवायला मेलेलं मांजर घेऊन टॉम आणि हक मध्यरात्री स्मशानात जातात. तिथे डॉ. रॉबिन्सन, इंजुन जो आणि दारुडा मफ पॉटर प्रेत उकरायला आलेले. भांडण होतं, पॉटर बेशुद्ध पडतो, इंजुन जो पॉटरच्याच चाकूने डॉक्टरला भोसकतो आणि चाकू पॉटरच्या मुठीत ठेवतो. शुद्धीवर आलेल्या पॉटरला वाटतं, आपल्याच हातून झालं. मुलं पळत सुटतात आणि जोच्या भीतीने पाइनच्या फळीवर शपथ लिहून रक्ताने आद्याक्षरं उमटवतात. हकला लिहिता येत नाही, म्हणून टॉम त्याला त्याच्या नावाची दोन अक्षरं गिरवायला शिकवतो. हा बारकावा सोडू नका. हक आयुष्यात पहिल्यांदा काही लिहितो, आणि ती गप्प राहण्याची शपथ असते.

यापुढचा भाग बहुतेक चित्रपट घाईने उरकतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. खून आणि खटला यांच्यामध्ये पुस्तकात कित्येक आठवडे जातात. एका निरपराध माणसाला फाशी होणार हे ठाऊक असलेला मुलगा रोज उठतो, शाळेत जातो, जेवतो, झोपतो. झोपेत मात्र बडबडतो. खोलीत सावत्र भाऊ सिड असतो, आणि तो सकाळी न्याहारीला सगळ्यांसमोर सांगतो, की हा रात्रभर 'रक्त, रक्त' म्हणत होता. त्यावर टॉम काय करतो? दात दुखतोय असं सांगून आठवडाभर रोज रात्री जबडा फडक्याने घट्ट बांधून झोपतो. आणि त्याला कधीच कळत नाही, की सिड रात्री जागा राहून ते फडकं हळूच सैल करतो, ऐकतो आणि पुन्हा होतं तसं करून ठेवतो.

हे दृश्य कॅमेऱ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. संवाद नको, संगीतही नको. चांदण्यात डोक्याभोवती फडकं बांधलेला मुलगा, आणि गाठीकडे सरकणारा दुसऱ्या मुलाचा हात. लहान मुलं आधी हसतील, मग त्यांच्या लक्षात येईल की हसण्यासारखं काही नाही. मोठ्यांच्या पोटात आधीच गोळा आलेला असेल. कौटुंबिक चित्रपट म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी एकच भावना देणारा चित्रपट, अशी एक समजूत असते. मला ती पटत नाही. एकाच चौकटीत वयाप्रमाणे वेगवेगळं दिसलं पाहिजे, आणि इथे ते आपोआप दिसतं.

दुसरा प्रसंग तुरुंगाच्या खिडकीचा. टॉम आणि हक पॉटरला गजांमधून तंबाखू आणि काडेपेटी नेऊन देतात. पॉटर गहिवरतो. गावातल्या पोरांचे पतंग मी दुरुस्त केले, मासे कुठे लागतात ते दाखवलं, सगळे विसरले, पण तुम्ही दोघं नाही विसरलात, असं म्हणतो. एकमेकांच्या पाठीवर चढा, मला तुमच्या चेहऱ्यांना हात लावू दे, म्हणतो. तुमचे हात गजांतून आत येतील, माझा बाहेर येत नाही, मोठा आहे. लहानसे, अशक्त हात, पण त्यांनी मफ पॉटरला आधार दिला, आणि जमलं असतं तर आणखी दिला असता. ज्यांना खरोखरच ते जमण्यासारखं आहे, त्यांनाच तो हे ऐकवतोय, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. हा प्रसंग दोन-अडीच मिनिटांचा ठेवा, अर्ध्या मिनिटात गुंडाळू नका. टॉम नंतर साक्ष का देतो याचं उत्तर इथे आहे. ते दिसलं नाही, तर न्यायालयातला टॉम नुसताच शूर वाटतो.

खटल्याची मांडणी ट्वेनने इतकी चोख केली आहे, की तिला हात लावायचं कारण नाही. आदल्या रात्री टॉम उशिरा, खिडकीतून घरात येतो, भलताच अस्वस्थ. कुठे गेला होता ते वाचकाला सांगितलेलं नाही. चित्रपटातही दाखवू नका, फक्त खिडकी दाखवा. दुसऱ्या दिवशी पॉटरचा वकील एकाही साक्षीदाराची उलटतपासणी घेत नाही. प्रत्येक वेळी, मला काही विचारायचं नाही. लोक चुळबुळतात, हा वकील आहे की कोण? आणि मग टॉमच्या नावाचा पुकारा होतो. टॉमला आधी कंठच फुटत नाही. सोबत काय नेलं होतं असं विचारल्यावर तो अडखळत सांगतो, मेलेलं मांजर. सगळे हसतात. त्या हसण्यानंतर त्याचा आवाज मोकळा होत जातो, शब्द भराभर येऊ लागतात, आणि तो चाकूपर्यंत पोचतो न पोचतो तोच इंजुन जो खिडकीतून उडी मारून पसार होतो. बोलणारा टॉम आपल्याला परत मिळतो, पण या वेळी त्याची किंमत आहे. खुनी मोकाट सुटला आहे, आणि हकशी घेतलेली शपथ मोडली आहे. एवढ्या भयंकर शपथेने मिटलेलं तोंड उघडतं म्हटल्यावर हकचा माणसांवरचा विश्वासच उडाल्यात जमा होतो, असं ट्वेन लिहितो. १९९५ च्या 'टॉम अँड हक'ने दोघांमधला हा तडा कथेच्या मध्यभागी आणला, आणि ती त्या चित्रपटाची सगळ्यात जमेची बाजू आहे.

आता बाकीचे प्रसंग याच कसोटीवर घासून बघा. जॅक्सन बेट ठेवा, पण कशासाठी ते लक्षात घेऊन. तीन मुलं चाचे व्हायला बेटावर जातात, गावाला वाटतं बुडाली. टॉम रात्री पोहत घरी येतो, त्याला सांभाळणाऱ्या पॉली मावशीला रडताना ऐकतो, सायकॅमोरच्या सालीवर लिहिलेली चिठ्ठी मेणबत्तीपाशी ठेवतो, आणि काहीतरी सुचून ती पुन्हा खिशात घालून निघून जातो. सांगता येत होतं, त्याने सांगितलं नाही. म्हणून पुढे स्वतःच्याच अंत्यविधीच्या प्रार्थनेत तिघं चर्चमध्ये अवतरतात तेव्हा ते गमतीदार वाटतं तितकंच दुखतंही. मास्तर डॉबिन्सच्या पुस्तकाचं पान टॉमची मैत्रीण बेकी हिच्याकडून फाटतं आणि टॉम 'मी फाडलं' म्हणून उभा राहतो, तेही ठेवा. न केलेला गुन्हा तो एका क्षणात कबूल करतो, पण पाहिलेला गुन्हा सांगायला त्याला आठवडे लागतात. हे दोन प्रसंग पटकथेत जवळजवळ आले तर कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

रविवारच्या शाळेतली तिकिटं, चर्चमधला किडा आणि कुत्रं, पेनकिलर पाजलेलं मांजर, परीक्षेच्या दिवशी मास्तरांचा उडालेला टोप हे सगळं वाचायला बहारीचं आहे, पण सोडून द्या. फार तर एखादं ओझरतं दाखवा.

आधीच्या चित्रपटांबद्दल. १९३८ चा चित्रपट निर्माता डेव्हिड सेल्झनिकचा, दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग. टॉमवरचा हा पहिला टेक्निकलर चित्रपट. ब्राँक्समधला टॉमी केली हा नवखा मुलगा त्यांनी मोठ्या शोधमोहिमेतून उचलला. गुहेच्या दृश्यांचं संकल्पन विल्यम कॅमेरन मेन्झीसचं, आणि आजही गुहा कशी दाखवावी हे शिकायचं तर तोच भाग पाहावा. १९७३ चा गाण्यांचा. शेर्मन बंधूंची गाणी आणि पटकथाही त्यांचीच, टॉम जॉनी व्हिटेकर, बेकी लहानगी जोडी फॉस्टर, चित्रीकरण मिसूरीतल्याच ॲरो रॉक गावात. गाण्यांमुळे त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीचा रेंगाळलेपणा छान येतो, पण मनात दडपून ठेवलेली गोष्ट गाण्यात बोलून टाकली की तिचा दाब निघून जातो. १९९५ चा डिस्नेचा, दिग्दर्शक पीटर ह्युइट, जोनाथन टेलर थॉमस आणि ब्रॅड रेनफ्रो. त्यात खजिन्याचा नकाशा आला आणि कथेला वेग आला. वेग आल्यावर मधले आठवडे गेले. साहसपट म्हणून तो बांधेसूद आहे, पण टॉम फडकं बांधून झोपतो ते जग त्यात उरत नाही.

गुहेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सहलीला आलेले टॉम आणि बेकी तिच्यात वाट चुकतात, आणि तुमच्या चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास तीच आहे. हॅनिबलजवळची खरी गुहा, आज मार्क ट्वेनच्या नावाने ओळखली जाणारी, ही अरुंद, एकमेकींना छेदणाऱ्या वाटांचं जाळं आहे. तिथली भीती खोल दरीची नाही. कुठलीही वाट घ्या, ती आधीच्या वाटेसारखीच दिसते, याची ती भीती आहे. १९९५ च्या चित्रपटाने अलाबामातली कॅथेड्रल कॅव्हर्न्स वापरली. प्रचंड दालनं, अजस्र चुनखडीचे खांब, दिसायला भव्य. पण भव्य जागेत माणूस हरवल्यासारखा वाटत नाही, लहान वाटतो. तुम्हाला हरवणं हवं असेल तर सेट अरुंद ठेवा आणि तेच दोन-तीन बोळ वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा वापरा. खर्चही वाचेल.

मेणबत्तीचा प्रसंग शब्दशः घ्या. शेवटचा तुकडा वितळताना दोघं टक लावून बघतात, शेवटी अर्धा इंच वात तेवढी उरते, ज्योत खालीवर होते, धुराच्या रेघेवर चढते, क्षणभर टिकते आणि मग पूर्ण काळोख. इथे पडदा खरोखरच काळा ठेवा, निळसर उजेड टाकू नका. श्वास, पाणी ठिबकण्याचा आवाज आणि बेकीचं रडू एवढंच ऐकू द्या. लहान प्रेक्षकांना हे झेपतं, फक्त आधी मेणबत्ती लहान होत जाताना त्यांना दोन-तीनदा दाखवलेली असली पाहिजे.

त्याच काळोखात टॉमला वीस-एक यार्डांवर मेणबत्ती धरलेला हात दिसतो. तो आनंदाने ओरडतो, आणि त्या हातामागून इंजुन जो पुढे येतो. जो पळून जातो, कारण प्रतिध्वनींमध्ये त्याला टॉमचा आवाज ओळखता येत नाही. ज्या आवाजाने न्यायालयात साक्ष दिली तोच इथे ओळखला गेला असता तर संपलंच होतं. आणि बेकीला टॉम काय सांगतो? सहज ओरडलो. तिला घाबरवायचं नाही म्हणून तो पुन्हा एक गोष्ट एकट्याने पोटात ठेवतो. या वेळी भीतीपोटी नाही, मायेपोटी. मुलगा मोठा झाल्याचं याहून साधं चित्र मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

सुटकेसाठी पुस्तकात पतंगाची दोरी आहे. टॉमच्या खिशात असते, ती बांधून तो वाटा चाचपतो आणि तिसऱ्या वाटेच्या टोकाला उजेडाचा ठिपका दिसतो. डोकं बाहेर काढतो तर समोर मिसिसिपी. दोरी अचानक खिशातून निघाली तर प्रेक्षक कुरकुरतील. पण पतंग तुमच्याकडे आधीपासून आहेच. कुंपणाच्या लुटीत तो टॉमला मिळतो, आणि पोरांचे पतंग दुरुस्त करणारा पॉटर आहे. लुटीतला पतंग फाटला, खुनाआधी पॉटरने तो दुरुस्त करून दिला आणि त्याच्या दोरीने टॉम-बेकी सुटले, एवढं जुळवून घ्या. पुस्तकात हे जोडलेलं नाही, पण तिन्ही गोष्टी पुस्तकातल्याच आहेत. रूपांतरात भर घालायची तर अशी घालावी.

आता इंजुन जोचा मृत्यू. १९३८ मध्ये आणि १९९५ मध्येही जो गुहेत कड्यावरून कोसळून मरतो. कारण उघड आहे, साहसपटाला समोरासमोरची झुंज लागते. पुस्तकात झुंज नाही. मुलं सापडल्यावर बेकीचे वडील, न्यायाधीश थॅचर, गुहेच्या दाराला बॉयलरचा लोखंडी पत्रा ठोकून तिहेरी कुलूप लावतात, पुन्हा कुणाचं मूल हरवू नये म्हणून. टॉम आजारी असतो. सुमारे पंधरा दिवसांनी तो त्यांच्या घरी जातो, दार बंद केल्याचं ऐकतो आणि पांढराफटक पडून सांगतो, इंजुन जो आत आहे. दार उघडतात तेव्हा जो उंबऱ्याशी मरून पडलेला असतो. मेणबत्त्यांचे तुकडे, वटवाघळं खाऊन काढलेले दिवस, आणि छतातून ठिबकणारं पाणी धरायला पोखरलेला दगड, ज्यात चोवीस तासांत चमचाभर पाणी जमायचं. टॉमला त्याची कीव येते, कारण तो काळोख त्याने स्वतः सोसलेला असतो. त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटतं.

गुहेत जो दिसल्याचं टॉमने त्या पंधरा दिवसांत कुणाला सांगितल्याचं पुस्तकात कुठे येत नाही. लोकांच्या भल्यासाठी ठोकलेलं दार आणि एका आजारी मुलाचं न बोललेलं वाक्य यांच्यामध्ये एक माणूस मरतो. कड्यावरून कोसळणारा जो हे सगळं पुसून टाकतो. निर्माते झुंज मागतीलच. तेव्हा गुहेत पाठलाग द्या, जवळून निसटणं द्या, पण जोला दाराआडच मरू द्या. प्रेत दाखवायची गरज नाही. आतून चाकूने कोरलेला दाराचा उंबरा आणि तो पोखरलेला दगड पुरेसा आहे.

जोच्या ओळखीचा प्रश्न टाळून चालणार नाही. 'इंजुन' हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी वापरलं जाणारं हिणवणारं नाव, आणि जोचं क्रौर्य रक्तातच आहे अशा थाटाची पुस्तकातली वाक्यं, दोन्ही आजच्या मुलांपुढे जसंच्या तसं ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. पण त्याला नुसता 'जो' करून पार्श्वभूमीच पुसून टाकणंही बरोबर नाही. पुस्तकातच त्याची कारणं आहेत: डॉक्टरच्या वडिलांच्या दारी तो खायला मागायला गेला, तर त्याला हाकलून भटक्या म्हणून तुरुंगात टाकलं, आणि गावातल्या विधवा डग्लसबाईंच्या न्यायाधीश नवऱ्याने त्याला भर गावात चाबकाने फोडून काढलं. ही दोन वाक्यं त्याच्या तोंडी ठेवलीत तर खलनायक भयंकर राहूनही माणूस राहतो. १९९५ मध्ये ही भूमिका कॅनडातल्या मूळ रहिवासी समाजातले अभिनेते एरिक श्वाइग यांनी केली. निवड करताना निदान तेवढं तरी सांभाळा.

गुलामगिरीचंही तसंच. मिसूरी हे गुलामगिरी मान्य असलेलं राज्य होतं, पॉली मावशीच्या घरी पाणी भरणारा लहानगा जिम तिचा गुलाम आहे. चित्रपट हे बहुधा धूसर करतात. मी एकच प्रसंग सुचवेन. हक टॉमला सांगतो, की बेन रॉजर्सच्या घरचा गुलाम अंकल जेक मला खायला देतो, आणि कधी कधी मी त्याच्या शेजारी बसून जेवलोय, पण हे तू कुणाला सांगू नकोस. खुनाचं गुपित पोटात ठेवणाऱ्या मुलाला त्या गावात एका भल्या माणसाशेजारी जेवल्याचंही गुपित ठेवावं लागतं. अर्ध्या मिनिटात तो सगळा काळ उभा राहतो, भाषण न करता.

हकला किती जागा, तर शेवटाकडे टॉमइतकीच. त्यासाठी त्याला गुहेत आणायची गरज नाही. टॉम आणि बेकी गुहेत वाट चुकतात त्याच रात्री हक जोच्या मागावर कार्डिफ टेकडीवर जातो, डग्लसबाईंवर सूड उगवण्याचा बेत ऐकतो, आणि पळत जाऊन वेल्श म्हाताऱ्याचं दार ठोठावतो. तुम्हाला मीच सांगितलं हे कधी कुणाला सांगू नका, एवढंच मागतो. ज्याचा बोलण्यावरचा विश्वास टॉममुळे उडाला होता, तो आपण होऊन बोलतो, आणि तेही ज्या बाईंनी त्याला माणूस म्हणून वागवलं त्यांच्यासाठी. हे दोन धागे एकमेकांत विणा: इकडे मेणबत्ती संपते, तिकडे दार वाजतं. वाट चुकणं आणि टेकडीवरचा पाठलाग ट्वेनने एकाच रात्री घडवून ठेवला आहे, तुम्हाला फक्त आलटून पालटून दाखवायचं आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मुलांना रात्री उशिरापर्यंत चित्रीकरणात राबवता येत नाही, बहुतेक ठिकाणी कायद्याने तासांवर मर्यादा आहे. या कथेत स्मशान, टेकडी, बेटाचा काही भाग असं बरंच काही रात्रीचं. म्हणून लिहितानाच ठरवा, की कुठला प्रसंग संध्याकाळी उरकेल. तुरुंगाची खिडकी तिन्हीसांजेला उत्तम. स्मशानात मुलांचे चेहरे जवळून आणि खून दुरून लिहा, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या वेळी चित्रित करता येतील. टॉमसाठी मुलगा निवडताना त्याला संवाद म्हणायला लावून थांबू नका. दुसरा कुणी खोटं बोलत असताना हा नुसता ऐकतोय, असा प्रसंग द्या आणि त्याचा चेहरा बघा. निवेदकाचा आवाज नको, टॉमच्या मनातलं निवेदकाने बोलून टाकलं तर त्याच्या गप्प राहण्याला काही अर्थच उरत नाही.

आणि हक्कांबद्दल. मूळ कादंबरी स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, तिच्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण चित्रपटांनी स्वतः जोडलेलं, म्हणजे १९९५ मधलं नकाशाचं कथानक किंवा १९७३ ची गाणी, ते त्यांच्या मालकीचं आहे. अनुवादावरून काम करत असाल तर अनुवादकाचे शब्दही उचलू नका, मूळ इंग्रजी प्रत शेजारी ठेवूनच लिहा.